इटलीचे पाहुणे

अण्णाजी देवतळे यांनी आर्वीच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण इंग्रजीतून कोणाशी बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. आली नाही याचं त्यांना मनातून बरंच वाटत असे. पुस्तकातलं इंग्रजी त्यांच्यामागे गरीब गाईसारखं मुकाट चालायचं. समोर जितंजागतं माणूस उभं राहिलं की तीच गाय दावं तोडून पळायची.

त्यांचं नाव झालं होतं ते ‘आयएमपी’साठी. परीक्षा जवळ आली की ते दहावीच्या पोरांना प्रश्नांवर खुणा करून देत. एवढं पाठ करा, बाकीचं देवावर सोडा. खुणा केलेले प्रश्न बहुतेक येत. आर्वीच्या बाजारात अजूनही सोयाबीन विकायला आलेला एखादा टक्कल पडलेला माणूस त्यांना अडवून म्हणे, “सर, तुमच्या आयएमपीवरच निघालो जी मी.” अण्णाजी “बरं बरं” म्हणत आणि तो कोण ते न आठवताच पुढे सरकत.

निवृत्त झाल्यावर ते आणि प्रमिलाबाई वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत घर बांधून राहिले. भिंतीला भिंत लागून रूपराव कडूचं घर. रूपरावची शेती आर्वीकडे. लेकीच्या शिक्षणासाठी त्याने इथे बिऱ्हाड केलं ते कायमचंच झालं. लेक रक्षा नर्सिंग करून वर्ध्यातल्या एका खाजगी दवाखान्यात कामाला होती. दिवाळी सरल्यावर एका संध्याकाळी ती ड्यूटीवरून थेट अण्णाजींच्या ओट्यावर आली.

“काकाजी, मले इटालियन शिकवा.”

“मले कुठं येते वं इटालियन?”

“तुमाले इंग्रजी येते. इटालियन शिकाचे समदे पुस्तकं इंग्रजीत हायेत. तुमी वाचा अन् मले सांगा.”

“म्हणजे मी आधी शिकू?”

“एक धडा समोर राहा. तेवढं पुरे.”

आतून प्रमिलाबाईंचा आवाज आला. “शिकवा नं. इंग्रजी बी तं जन्मभर तसंच शिकवलं, एक धडा समोर राहून.”

ते खरं होतं.

गोष्ट अशी होती. रक्षाची नर्सिंगची एक मैत्रीण, केरळची, इटलीला गेली होती. उत्तरेकडच्या कुठल्याशा छोट्या गावात म्हाताऱ्या माणसांचा सांभाळ करणारी एक संस्था होती, तिथे ती काम करायची. तिथे आणखी मुली हव्या होत्या. मुलाखत उन्हाळ्यात, मोबाइल-लॅपटॉपवरून, आणि पूर्ण इटालियनमध्ये. पास झालं तर पुढची कागदपत्रं आणि पुढचं शिक्षण तेच बघणार होते. नापास झालं तर रक्षाची आत्या शोभाबाई आर्वीत एक स्थळ धरून बसल्याच होत्या. मुलाचं बियाण्याचं दुकान, घर रस्त्यावर. रूपराव लेकीला म्हणाला होता, “एक डाव घे. नाई जमलं तं मंग आत्याच्या म्हणण्यावर चालजो.” रक्षाने हो म्हटलं होतं. ती शब्द फिरवणारी मुलगी नव्हती, आणि याचीच अण्णाजींना सगळ्यात मोठी भीती वाटली.

पुस्तक मागवलं, ते इंग्रजी माणसांसाठी लिहिलेलं होतं. लेखकाने सुरुवातीलाच धीर दिला होता : घाबरू नका, या भाषेत टेबल पुरुष असतं आणि खुर्ची बाई असते, हे सुरुवातीला सगळ्यांनाच विचित्र वाटतं. अण्णाजींनी त्या पानावर अख्खी दुपार घालवली, समासात टिपा केल्या, आणि संध्याकाळी रक्षाला ते जसंच्या तसं, घाबरू नको यासकट, समजावून सांगितलं.

“यात घाबरासारखं काय हाय?” रक्षा म्हणाली. “आपली बी खुर्ची बाईच हाय नं.”

अण्णाजींनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

पुढेही असंच होत गेलं. माणूस बदलला की क्रियापद बदलतं, या गोष्टीची पुस्तकाने प्रकरणंच्या प्रकरणं केली होती. रक्षाने ‘मी जाते, तू जातेस, ते जातात’ एवढं पुटपुटून पान उलटलं. परक्या, वडीलधाऱ्या माणसाशी वेगळ्या रूपात बोलायचं असतं, हे पुस्तक फार हळुवारपणे, दुःखाची बातमी सांगावी तसं सांगत होतं. अण्णाजींनीही ते तसंच सांगितलं.

“म्हणजे ‘तू’ अन् ‘तुमी’,” रक्षा म्हणाली. “पेशंटले ‘तुमी’ म्हणाचं. मंग असं सांगा नं. एवढं घुमवून काऊन सांगता?”

उच्चारांचीही तीच तऱ्हा. अण्णाजी छापलेली अक्षरं बघत आणि त्यांच्या तोंडातून शाळेतला ‘ट’ आणि ‘ड’ बाहेर पडे. रक्षा मोबाइलवर कोणा बाईचा आवाज लावी. ती बाई सरळ ‘त’ आणि ‘द’ म्हणायची, वर्ध्याच्या भाजीबाजारात कोणीही म्हणावा तसा. आजीला ‘नोन्ना’ म्हणतात. त्यातला जोडून येणारा ‘न’ इंग्रजी माणसाला जमत नाही, म्हणून पुस्तकात त्यावर वेगळा धडा होता. “तुमच्या नावातल्या ‘ण’सारखाच जोडून येते तो, काकाजी,” रक्षाने सांगितलं. स्वतःच्या नावाकडे अण्णाजींनी आजवर असं पाहिलं नव्हतं.

हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की हा व्यवहारच उलटा चालला आहे. हिंगणघाटचा कापूस हिंगणघाटच्याच गिरणीला विकायचा, पण मधे मुंबईचा दलाल घालायचा, तसं काहीसं. तो दलाल म्हणजे इंग्रजी, आणि दलालाचा मुनीम म्हणजे आपण. पण पुस्तक इंग्रजीत होतं, रक्षाला ते वाचायला जड जात होतं, आणि तेवढ्यापुरते का होईना, अण्णाजी लागत होते. या ‘तेवढ्यापुरते’वर ते रोज पहाटे उठून पुढचा धडा करत. प्रमिलाबाई चहा ठेवताना विचारत, “आज तुमचा पेपर हाय का?” आणि ते “हो” म्हणत.

होळी झाल्यावर त्यांनी आपलं खरं हत्यार बाहेर काढलं. अशा मुलाखतींत काय विचारतात, हे त्यांनी इकडून तिकडून शोधलं आणि प्रश्नांवर खुणा केल्या. स्वतःबद्दल सांगा. आमच्याकडे का यायचं आहे? हेच काम का निवडलं? तुमचे गुण कोणते, दोष कोणते? प्रत्येकाचं नमुना उत्तर त्यांनी शब्दकोश मांडीवर घेऊन तयार केलं. पहिल्या उत्तराचा साचा शाळेतल्या ‘माझे कुटुंब’ या निबंधाचा होता. माझं नाव, माझं गाव, माझ्या वडिलांचं नाव, ते काय करतात, आई काय करते. त्या निबंधाला त्यांनी कोणाचे गुण कधी कापले नव्हते.

रक्षाने ते सगळं पाठ केलं. भांडी घासताना म्हटलं, गाडीवर दवाखान्यात जाताना हेल्मेटच्या आत म्हटलं. एकदा तिने विचारलं, “काकाजी, अन् यातलं नाई विचारलं तं?”

“विचारतील,” अण्णाजी म्हणाले. आयुष्यात या एका बाबतीत त्यांना खात्री वाटत आली होती.

एप्रिलच्या शेवटी मेल आला. दिवस, दुपारची वेळ, आणि खाली एक ओळ : मुलाखतीच्या वेळी उमेदवाराने खोलीत एकटंच असावं. हीच ओळ इटालियनमध्ये होती आणि इंग्रजीतही. अण्णाजींनी दोन्ही वाचल्या. एरवी त्यांना स्वतःच्या वाचण्याबद्दल शंका असे, पण इथे शंकेला जागाच नव्हती.

अडचण दुसरीकडे होती. रूपरावने तोवर साऱ्या गल्लीला सांगून टाकलं होतं की इटलीचे पाहुणे पोरीला पाहायला येणार आहेत. त्याच्या दृष्टीने त्यात काही खोटं नव्हतं. लोक येणार, मुलीला बघणार, प्रश्न विचारणार, पसंत पडली तर घेऊन जाणार. असे कार्यक्रम त्याच्या घरात पिढ्यान्पिढ्या झाले होते आणि ते कसे करायचे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शोभाबाई आदल्या दिवशीच एसटीने आर्वीहून आल्या, पिशवीत रक्षासाठी नवी साडी घेऊन. आपलं स्थळ त्यांनी सोडलं नव्हतं. पण भावाच्या घरी पाहुणे येणार म्हटल्यावर न येणं त्यांना शोभलं नसतं.

“काकाजी, मी म्हणून पाह्यलं,” रक्षा कुंपणापाशी येऊन हळूच म्हणाली. “आत्या म्हणते, पोरीच्या जातीनं यात बोलू नये. तुमीच सांगा. तुमचं ऐकतीन.”

अण्णाजी सांगायला गेले.

“रूपराव, मेलात लिहिलं आहे, मुलगी एकटीच पाहिजे.”

“हाव नं सर. एकटीच बसन टेबलावर. आमी खाली सतरंजीवर.”

“तसं नाई. खोलीतच कोणी नको म्हणते.”

शोभाबाई सुपात पोहे पाखडत बसल्या होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “पोरीले पाहाले येतात अन् घरचे लोकं बाहेर? कोणत्या गावची रीत हाय जी? उद्या ते म्हणतीन, पोरीले मागं-समोर कोणी नाई.”

“पोरीला पाहायला नाई येत ते, शोभाबाई. नोकरीची मुलाखत आहे.”

“पाहूनच नेतीन नं? न पाहता तं नाई नेत?”

याला अण्णाजींपाशी उत्तर होतं. चांगलं दोन-तीन वाक्यांचं होतं. पण तोंडाशी आलेलं वाक्य परत आत वळवणं त्यांना नेहमीच सोपं गेलं होतं. ते “बरं” म्हणाले आणि उठले. फाटकापाशी त्यांना वाटलं, मागे फिरून पुन्हा एकदा सांगावं. फाटकाची कडी त्यांनी नीट लावली आणि घरी आले.

“सांगतलं का?” प्रमिलाबाईंनी विचारलं.

“सांगितलं.”

“त्याईनं ऐकलं का?”

“सांगितलं,” अण्णाजी पुन्हा म्हणाले.

मुलाखतीच्या दिवशी दुपारी वर्ध्यावर असं ऊन होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. खोलीत कूलर होता, पण तो चालू केला की लॅपटॉपमध्ये विमान उतरल्यासारखा आवाज जाई, म्हणून बंद ठेवला होता. पंखासुद्धा एकवर. अशा खोलीत टेबलापाशी रक्षा, आत्याच्या साडीत, एकटी बसली होती. लॅपटॉपच्या पाठीमागे, पडद्यावर दिसणार नाहीत अशा बेताने, सतरंजीवर पांढऱ्या शर्टातला रूपराव, रक्षाची आई सुमित्राबाई, शोभाबाई, प्रमिलाबाई आणि शेजारच्या दोन बायका बसल्या होत्या. अण्णाजी दाराच्या चौकटीला टेकून, निम्मे आत निम्मे बाहेर. त्यांना बोलावून आणलं होतं. तुम्ही नाही तर पोरीला धीर कसा येईल, असं रूपराव म्हणाला होता. मध्ये पोह्यांचं पातेलं, ताटाने झाकलेलं.

“आत्या, ते कसे खातीन? पडद्यात हायेत ते,” रक्षाने सकाळी म्हटलं होतं.

“नाई खाल्ले तं नाई. पण पाहुणे आले अन् समोर ताट नाई, असं कडूच्या घरी नाई होत.”

पडदा उजळला. एक आखूड पांढऱ्या केसांची बाई आणि एक दाढीवाला तरुण. तरुणाच्या हातात कागद होता. नमस्कार-चमत्कार झाले, आणि त्या बाईने पहिला प्रश्न विचारला : स्वतःबद्दल सांगा.

अण्णाजींनी मनातल्या मनात प्रश्नावर खूण केली. आयएमपी आला होता.

रक्षा बोलू लागली. शब्द स्वच्छ येत होते, एकामागून एक, प्रभातफेरीतल्या पोरांसारखे रांगेत. माझं नाव रक्षा. मी नर्स आहे. मी वर्ध्यात राहते. बाई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर चांगलं की वाईट ते अण्णाजींना कळेना. मग वडिलांच्या नावाचं वाक्य आलं.

“मिओ पाद्रे सि कियामा रूपराव.”

सतरंजीवर रूपराव ताठ झाला. इतका वेळ त्याला एक अक्षर कळलं नव्हतं, पण आपलं नाव माणसाला कुठल्याही भाषेत कळतं. आणि मुलगी पाहण्याच्या बैठकीत आपलं नाव घेतलं गेलं की काय करायचं, हेही त्याला चांगलं ठाऊक होतं. गप्प बसणं म्हणजे पाहुण्यांचा अपमान. त्याने दोन्ही हात जोडले आणि भरल्या आवाजात म्हणाला,

“नमस्कार जी.”

रक्षा थांबली. खोलीत फक्त पंख्याची कुरकुर राहिली.

पांढऱ्या केसांची बाई पुढे वाकली. तिथे कोण आहे, असं तिने विचारलं. दाढीवाल्याने बोटाने हवेत गोल काढून दाखवला : खोली दाखवा. रक्षाने एकदा अण्णाजींकडे पाहिलं, मग दोन्ही हातांनी लॅपटॉप उचलला आणि सावकाश फिरवला.

सुमित्राबाईंनी पदर डोक्यावर ओढला. शेजारच्या बायका एकमेकींना चिकटल्या. रूपरावचे हात जोडलेलेच होते. शोभाबाईंनी पातेल्यावरचं ताट काढलं, त्यात पोहे वाढले, ते पडद्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, “घ्या जी. लाजू नका.”

दाढीवाला भराभर बोलू लागला, कागदावर बोट ठेवून. नियम, असा शब्द अण्णाजींना कळला. थांबवावी लागेल, हेही कळलं. बाईने त्याला हाताने गप्प केलं आणि रक्षाला काही विचारलं, हळू, एकेक शब्द सुटा करून. ते अण्णाजींना पूर्ण कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. ती म्हणत होती : उत्तरं कोणीतरी सांगतं आहे का? ही उत्तरं तुमची वाटत नाहीत.

“नो,” रक्षा म्हणाली. “नो, सिन्योरा.” तिचा आवाज बारीक झाला होता.

तुमच्याशिवाय तिथे कोणाला इटालियन येतं का, असं बाईने विचारलं. रक्षाची मान आपोआप दाराकडे वळली, आणि मग सतरंजीवरच्या सगळ्यांच्या माना वळल्या.

अण्णाजी चौकट सोडून पुढे झाले. पडद्यावर खालच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात त्यांना एक म्हातारा दिसला, घामाने शर्ट चिकटलेला. तो कोण हे समजायला एक क्षण लागला. पहाटे-पहाटे पाठ केलेले धडे त्यांनी मनात चाचपले. एकही जागेवर नव्हता. इंग्रजी चाचपलं. तेही नेहमीप्रमाणे दावं तोडून गेलेलं होतं. उत्तरं तिची वाटत नाहीत, एवढंच डोक्यात घुमत होतं. बरोबरच होतं ते. ती उत्तरं अण्णाजींची होती.

मग त्यांचं तोंड उघडलं. ते म्हणाले की मी शिक्षक आहे. मीही अजून पहिल्याच पुस्तकात आहे. मुलीची चूक नाही. आता आम्ही सगळे बाहेर जातो. हे त्यांनी इटालियनमध्ये म्हटलं. त्यात दोन ठिकाणी क्रियापद चुकलं आणि एका ठिकाणी मराठीच ‘आणि’ पडला, हे त्यांना बोलता बोलताच कळत होतं, पण थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

ते सतरंजीकडे वळले.

“उठा. सगळे बाहेर.”

कोणी हललं नाही. सरांचा हा आवाज त्यांनी ऐकलेला नव्हता. प्रमिलाबाईंनीही नव्हता.

“मी बी?” शोभाबाईंनी विचारलं.

“तुम्ही आधी. ताट घेऊन उठा.”

शोभाबाई उठल्या. त्यांच्यामागे बाकीचे उठले. शेवटी अण्णाजी निघाले आणि त्यांनी दार बाहेरून ओढून घेतलं.

अंगणात उन्हाने डोळे मिटत होते. सावली म्हणून एकच जागा होती, घराच्या बाजूची बोळ, जिथे खिडकीत बसवलेल्या कूलरची पाठ बाहेर आली होती. सगळे तिथे जाऊन भिंतीला लागून उभे राहिले. कूलर बंद असल्यामुळे त्याच्या ओल्या गवताच्या जाळीतून आतला आवाज येत होता, बारीक पण स्पष्ट.

हेही नियमात बसतं का, असा प्रश्न अण्णाजींना पडला. खोलीत कोणी नको, एवढंच लिहिलं होतं. तरी त्यांचं मन खात राहिलं, आणि तरी ते जाळीच्या सगळ्यात जवळ उभे राहिले.

“काय म्हणून राह्यली?” रूपरावने कुजबुजत विचारलं.

“बाई विचारते आहे, एखादा म्हातारा माणूस जेवायचंच नाही म्हणाला, तर तू काय करशील.”

“हे तुमच्या त्याच्यात होतं का?”

“नव्हतं.”

आत रक्षाने एक नमुना वाक्य सुरू केलं, सेवेबद्दलचं, अण्णाजींनी शब्दकोश मांडीवर घेऊन घडवलेलं. अर्ध्यावर ते थांबलं. आता काहीच ऐकू येईना. शोभाबाईंच्या हातातल्या ताटातले पोहे उन्हाच्या झळीने वाळत चालले होते. अण्णाजी मनातल्या मनात तिला शब्द पुरवू लागले, आणि मग थांबले. ते तिकडे पोचणार नव्हते.

“मिआ नोन्ना,” रक्षा म्हणाली. माझी आजी.

मग ती बोलू लागली. सावकाश, अडखळत, रांग मोडून. शब्द चुकत होते. चुकलेले काही अण्णाजींनीच शिकवलेले होते. ते ओळीमागून ओळ मराठीत सांगत गेले.

“म्हणते, माझी आजी शेवटी शेवटी जेवत नव्हती. सगळे आग्रह करायचे. घास घेऊन मागे लागायचे. ती तोंड मिटून घ्यायची.”

रूपराव जमिनीकडे बघू लागला. ती आजी म्हणजे शकुबाई, त्याची आई. दोन वर्षांपूर्वी गेली. घास घेऊन मागे लागणाऱ्यांत तोच पहिला होता.

“म्हणते, मी आग्रह नाही केला. मी माझं ताट घेऊन तिच्यासमोर बसायची आणि मीच जेवायची. तिच्याकडे पाहायचीसुद्धा नाही. थोड्या वेळानं ती म्हणायची, मले नाई देत का वं?”

“हाव,” सुमित्राबाई हळूच म्हणाल्या. “असंच म्हणे.”

आतमध्ये ती बाई काही बोलली, आता सुटं सुटं नाही, आपल्या नेहमीच्या वेगाने. अण्णाजींनी कान जाळीला लावला. एखाददुसरा शब्द ओळखीचा वाटला आणि निसटून गेला. रक्षाने उत्तर दिलं, तेही भराभर. मग बाई हसली. मग रक्षाही हसली.

“काय म्हणली?” शोभाबाईंनी विचारलं.

“मले नाई समजलं,” अण्णाजी म्हणाले.

“तुमाले नाई समजलं?”

“नाई.”

“तुमचीच चेली नं ते?”

“हाव,” अण्णाजी म्हणाले. त्यांनी कान जाळीवरून काढला. कानाला गवताची ओल लागली होती. ती त्यांनी पुसली नाही.

थोड्या वेळाने दार उघडलं. रक्षाच्या कपाळावर केस चिकटले होते.

“काय म्हणले?” रूपरावने विचारलं.

“कळवतो म्हणले.”

शोभाबाईंनी सुस्कारा टाकला. “कळवतो म्हणजे नकार. पाच बहिणींच्या वेळी पाह्यलं मी. ज्याईले पसंत रायते ते तारीख विचारते.” पण त्यांनी पहिलं ताट रक्षालाच वाढलं, आणि त्या संध्याकाळी बियाण्याच्या दुकानाचा विषय काढला नाही.

मधले दिवस अण्णाजींनी बरे काढले नाहीत. पहाटे उठायची सवय लागली होती, ते उठत, पुस्तक उघडत आणि नमुना उत्तरांची पानं चाळत. प्रत्येक वाक्य आता त्यांना त्या बाईच्या कानांनी ऐकू येई. ‘मिओ पाद्रे’पाशी ते दर वेळी थांबत. एवढी एक ओळ घातली नसती तर.

मेल आला तो रक्षा ड्यूटीवर असताना. तिने तिथूनच घरी फोन केला. संस्थेने तिला घेतलं होतं. तिकडे पाठवण्याआधी काही महिने रोज वर्ग घेणार होते, लॅपटॉपवरच, त्यांचे शिक्षक. रूपराव अनवाणी धावत अण्णाजींच्या घरी आला आणि काय बोलावं ते न सुचून प्रमिलाबाईंच्याच पाया पडला. शोभाबाईंना आर्वीला फोन गेला. “लेखी देलं?” त्यांनी विचारलं. “मंग लोकं बरे दिसते.”

संध्याकाळी रक्षा ओट्यावर आली. अण्णाजींनी खुर्ची पुढे केली. पुस्तक नेहमीच्या जागी होतं. दोघांनीही ते उघडलं नाही.

“आता तुले त्यांचे शिक्षक मिळतील,” अण्णाजी म्हणाले. “खरे.”

“हाव.”

“माझे उच्चार असतील ते मोडून टाकजो आधी. ट-बिट.”

“ते मी पयलेच मोडले, काकाजी.”

“बरं केलं.” मग त्यांनी जे इतके दिवस विचारायचं ठेवलं होतं ते विचारलं. “शेवटी ती बाई काय म्हणाली होती? ज्यावर तुम्ही दोघी हसल्या.”

रक्षा खाली बघून हसू लागली.

“सांग नं.”

“तिनं विचारलं, ते समदे गेले कुठं. मी म्हणलं, कूलरच्या मागं उभे हायेत, कान लावून. माझे सर सगळ्यांत जवळ हायेत. ते लाजतात, पण त्याईले राहावत नाई.”

अण्णाजींनी चष्मा काढला. आत प्रमिलाबाई हसल्याचा आवाज आला, आणि त्यांनी तो लपवलाही नाही.

“अन् ‘मागं’ला काय म्हणालीस?” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

“दिएत्रो.”

“दिएत्रो.” त्यांनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. “हा कुठं आला होता आपल्याला?”

“तुमीच शिकवलता, काकाजी.”

“शिकवला असेल,” अण्णाजी म्हणाले.